कोरा नमुना

३ फेब्रुवारी
आजपासून मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विश्लेषक. देवरुखला आईला फोन केला, तर तिनं आधी जेवलीस का विचारलं. राहायची सोय आमच्या विभागप्रमुख स्मिता मॅडमनीच केली. उलव्यात सातवा मजला, खिडकीतून खाडीची एक पट्टी दिसते. हा आणि डोक्यावरचा, दोन्ही फ्लॅट त्यांच्या भावाचे. तो परदेशात, वरचा बंदच असतो. वर कुणी नाही, शांत अभ्यास करशील, ही तुझी वही लिहिशील, म्हणाल्या. किती माया!

७ फेब्रुवारी
काम आवडतंय. पोलिसांनी पकडलेली एमडीची, म्हणजे नशेची, पावडर सीलबंद येते. ती एमडीच आहे हे सांगणं सोपं. कुणी बनवली ते शोधण्यात मजा आहे. बनवताना थोडी घाण आत राहतेच, आणि प्रत्येकाची घाण वेगळी. यंत्राच्या आलेखावर तिची बारीक शिखरं उमटतात. दोन पुड्यांची शिखरं जुळली, की बनवणारा एकच.
धुण्याभांड्यांना पुतळाबाई मिळाल्या, इथल्याच गावच्या. मला वैदेहीबाय म्हणतात.

१४ फेब्रुवारी
कळंबोलीत ट्रकमध्ये सापडलेली आणि न्हावा शेव्याच्या गोदामातली पावडर एकाच हातची! आलेख घेऊन मॅडमकडे धावले. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि कोरा नमुना चालवायला सांगितलं. म्हणजे पावडर न घालता नुसतं द्रावक. आलेख सपाट आला, की आपलं काम स्वच्छ.

१७ फेब्रुवारी
सपाट नाही आला. तीच शिखरं. नवी बाटली, नवं द्रावक, तीनदा केलं. शेजारच्या टेबलावरच्या दीपेशनं त्याच यंत्रावर केला, त्याचा स्वच्छ. मॅडम रागावल्या नाहीत. माझ्याच अंगावरून येतंय, जुळणीचा अहवाल आता देता येणार नाही, एवढंच म्हणाल्या. दुपारी दीपेश डबा घेऊन दुसरीकडे बसला.
मी त्या पावडरीला हातमोज्यांशिवाय कधी शिवलेसुद्धा नाही.

२१ फेब्रुवारी
झोप नाही. छाती धडधडते. बाथरूमच्या छतावर पिवळा डाग, त्यातून थेंब. पुतळाबाई वर बघत राहिल्या. म्हणाल्या, वर कोनी नाय तं पानी कशाला गलतंय? मग हळूच, ती मनस्वी पन अशीच जागी असायची.
मनस्वी कोण, विचारलं. माझ्याआधी इथे राहायची. आमच्याच प्रयोगशाळेत होती. पावडर चोरते म्हणून काढली.
मॅडमनी हे नाव एकदाही घेतलेलं नाही.

२५ फेब्रुवारी
माझा स्पर्श नको म्हणून डाग पुतळाबाईंच्या हातानं कापसावर टिपला. बाटली बंद. कुठला ते न सांगता दीपेशला चालवायला दिला.
तीच शिखरं. दसपट उंच.
उशी, टॉवेल, माझे केस, सगळ्यावर वरून उतरतंय. बनवणारा माझ्या डोक्यावर राहतो. म्हणूनच मला इथे ठेवलंय. जुळणी सापडली की बोट माझ्याकडे. कोरा नमुना काय दाखवणार हे मॅडमना आधीच —

२६ फेब्रुवारी
आलेख मागितला. दीपेशनं तो मॅडमना देऊन टाकलाय. विभागप्रमुख आहेत, द्यावाच लागतो, म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.
मॅडमनी पाठीवर हात ठेवला. घरी जा, विश्रांती घे, सकाळी मी येते.

२७ फेब्रुवारी, सकाळ
बॅग भरायला कपाट उघडलं. साड्यांखाली पाकीट. न्हावा शेव्याचा मुद्देमाल. आमचंच सील, खाली माझी सही. मी केलेली नाही — पण हुबेहूब माझी.

पोलिसांना फोन लावला. नाव सांगितलं. पलीकडच्यानं पत्ता विचारलाच नाही. म्हणाला, तिथेच थांबा, टीम निघालीय. कधी निघाली, विचारलं. तासाभरापूर्वी.

मी तर आत्ता फोन —

वर खुर्ची सरकली. बंद घरात. पावलं दाराकडे. जिन्यात.

पुतळाबाई फोन उचलत नाहीत.

बेल नाही. कुलपात किल्ली. मॅडमचा आवाज, अगदी शांत. कुणाला तरी सांगतायत, आधी हातमोजे घाला, आणि ती वही जिथे असेल तिथून —