वर्ल्ड कप उन्हाळ्यातच होणार

२ जानेवारी २०१५, शुक्रवार. सकाळी ९.

नवी डायरी. कंपनीने फुकट दिलेली, पण कागद बरा आहे. यंदा संकल्प एकच, आणि तो मोडणार नाही: इंडस्ट्री सोडून रिसर्चमध्ये जायचं.

परिस्थिती एकदा मांडून ठेवतो. मी गुरुप्रसाद खरवंडीकर, मेकॅनिकल, कराड, फर्स्ट क्लास. बारा वर्षं दोह्यात. वेस्ट बेमधल्या एकेचाळीस मजली टॉवरच्या तळघरात चार चिलर आहेत, सगळी बिल्डिंग गार ठेवणारी धूडं. त्यांची देखभाल माझ्याकडे. वर सुटाबुटातले लोक गारव्यात बसून मोठे होतात, मी खाली फिल्टर धुतो. बॅचमधले निम्मे आयटीत पळाले, दोघं डॉक्टरेट करून अमेरिकेत प्रोफेसर झाले. त्या दोघांना थर्मोडायनॅमिक्स कुणी शिकवलं? होस्टेलवर, मी.

टॉवरचं कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपतंय. नवी कंपनी आपली माणसं आणणार. तोवर दुसरी नोकरी पाहिजे, नाहीतर व्हिसा खलास आणि आम्ही तिघं नाशिकला. अनय एप्रिलमध्ये बारावीत जाणार म्हणून नीता काळजी करते. मी करत नाही. २०२२चा वर्ल्ड कप इथे आहे, जून-जुलैत. पंचेचाळीस डिग्री आणि स्टेडियममध्ये चाळीस हजार डोकी. त्यांना गार कोण करणार? प्रत्येक सीटखालून पायाशी गार हवा सोडायची, हे माझं उत्तर. डिझाइन डोक्यात पूर्ण आहे. कागदावर उतरवायचं तेवढं राहिलंय.

दुपारी १२. खालच्या मजल्यावरच्या श्रीपतीचा गीझर बिघडला. जाऊन दुरुस्त केला. रिसर्चमध्ये गेलो तरी शेजारधर्म सोडायचा नाही.

९ जानेवारी, शुक्रवार.

रेमंड आला. अबू हमूरच्या चर्चमधून थेट आमच्याकडे, दर शुक्रवारसारखा. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चही शुक्रवारी. वसईचा, माझ्यासारखाच मेकॅनिकल, गॅस प्लँटवर मेंटेनन्समध्ये. म्हणाला, त्यांच्याकडे एक जागा आहे, त्याने साहेबाच्या कानावर घातलंय, फक्त दहा फेब्रुवारीपर्यंत हो कळवायचं. शिफ्ट ड्युटी, पंप आणि कॉम्प्रेसर.

मी त्याला स्वच्छ सांगितलं की ग्रीसमध्ये हात घालायचे दिवस संपले. तो म्हणाला, बरं. वाईट वाटलं असणार, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. नीता आत गेली आणि कप जरा जास्तच आवाज करून धुवायला लागली. तिला पंप आवडत असतील तर तिने करावी नोकरी.

१६ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ११.

ऐतिहासिक दिवस. पहिला प्रयोग.

अडचण एवढीच की बाहेर सतरा डिग्री आहे. या देशात उन्हाळा हवा तेव्हा मिळत नाही. पण अडचणीला घाबरणारा माणूस संशोधक नव्हे. बाथरूम बंद केली, बाहेरून वायर घेऊन दोन हीटर लावले, चाळीसपर्यंत नेलं. प्लास्टिकच्या खुर्चीखाली ड्रायरचा लवचीक पाइप, पाइपच्या दुसऱ्या टोकाला बर्फाची बादली आणि पंखा. खुर्चीवर अनय. उणे तीन म्हणजे कडाक्याची थंडी, अधिक तीन म्हणजे प्रचंड उकाडा, असं त्याने दर पाच मिनिटांनी लिहायचं. जगभर हीच पद्धत आहे.

डोक्याला अधिक तीन, पायाला उणे तीन. मी सरासरी काढली: शून्य, आरामदायक. अनयला इंग्लिशशिवाय बोलता येत नाही. तो म्हणाला, पपा, आय हॅव फायनल्स इन सिक्स वीक्स. बोर्ड अकरावीला नसते, हे मी त्याला सुनावलं. मग नीताने मेन स्विच बंद केला.

निष्कर्ष: प्रयोग यशस्वी. घरचे सहकार्य अपुरे.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

स्पोर्ट्स डे, सुट्टी. अख्खं दोहा समुद्राकाठच्या कॉर्निशवर पळतंय. मीही पळणार होतो, पण ईमेल आला. अर्ज टाकला होता त्या रिसर्च सेंटरकडून! कूलिंग लॅब, मुलाखत २५ फेब्रुवारीला. चार वेळा वाचला. नीतालाही चार वेळा वाचून दाखवला.

आज रेमंडला कळवायची शेवटची तारीख. नीता म्हणाली, मुलाखत होईपर्यंत प्लँटला नाही म्हणू नकोस, चार दिवस मागून घे, रेमंड सांभाळून घेईल. मी म्हणालो, दोन डगरींवर पाय ठेवून संशोधन होत नाही. प्लँटला नकार पाठवला. तीन परिच्छेद. दुसऱ्या परिच्छेदात भारतीय इंजिनिअरने आयुष्यभर दुसऱ्याची यंत्रं का पुसावीत, असा मूलभूत प्रश्न उपस्थित केला आहे. रेमंडला कॉपी.

मोकळं वाटलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ६.

फुटबॉलवाल्यांची समिती इथेच, दोह्यात बसली होती. त्यांनी म्हणे शिफारस केली: वर्ल्ड कप नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घ्यावा. नीताने बातमी वाचली आणि माझ्याकडे बघत राहिली.

शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. हे सगळ्यांना शांतपणे समजावलं. जरा मोठ्याने समजावलं, कारण टीव्ही चालू होता. युरोपातले क्लब आपला सीझन मोडू देतील? शक्य नाही. आणि थंडीत फुटबॉल खेळायला कतारला कशाला यायचं? थंडीत कुठेही खेळता येतं. पंचेचाळीस डिग्रीत खेळवणं, याला म्हणतात इंजिनिअरिंग.

रेमंडचा फोन आला होता. घेतला नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार.

जसं घडलं तसं लिहितो. उद्या कुणी चरित्र लिहिलं तर गोंधळ नको.

समोर तिघं. मधे पिकल्या केसांचे डायरेक्टर, शेजारी एक गप्प गृहस्थ, टोकाला नुपूर नावाची मुलगी. पुण्याची, मेकॅनिकल, इथे पीएचडी करते, वय सव्वीस असेल. मी ड्रॉइंग उलगडलं. तिने विचारलं, हे बावीस डिग्रीला कसं वागेल? मी म्हणालो, बावीस डिग्रीला याची गरजच नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुद्दा पटला असावा.

तेवढ्यात शेजारून अलार्म वाजला. तिथे खोलीएवढा एक चेंबर आहे, त्यात हवं ते तापमान ठेवून प्रयोग करतात. त्याचा चिलर बंद पडला होता, आठवड्यात तिसऱ्यांदा. नुपूरचा चेहरा उतरला, तिचं चौदा तासांचं रीडिंग गेलं. सगळे धावले. सवयीने मीही धावलो. आवाजावरूनच कळलं, पाण्याची जाळी तुंबलीय. ब्लेझर काढला, पाना मागितला. पंचवीस मिनिटांत चिलर सुरू. कोपरापर्यंत काळा झालो. ते गप्प गृहस्थ टाळ्या वाजवत होते.

मग डायरेक्टर म्हणाले की डिझाइन टीममध्ये आता जागा नाही, उन्हाळ्याचं काम थांबवलंय. पण चेंबर सांभाळायला त्यांना अगदी असाच माणूस हवाय, लगेच.

मी म्हणालो, "मी इथे रिसर्चसाठी आलोय, पाना चालवायला नाही." आणि ताठ मानेने बाहेर पडलो. ब्लेझर तिथेच राहिला.

नीताला सांगितलं, चर्चा सकारात्मक झाली.

६ मार्च, शुक्रवार.

फुटबॉलच्या मुख्य ऑफिसला जून-जुलैच्या बाजूने ईमेल लिहिला. तीन पानं, दोन आलेख. उत्तर आलं. ऑटोमॅटिक होतं, पण आलं.

नुपूरचा फोन. म्हणाली, काका, तुमचा ब्लेझर इथे आहे. काका! मी चव्वेचाळीसचा आहे. मग हळूच म्हणाली, चिलर पुन्हा ट्रिप होऊन बंद पडतोय, दोन महिन्यांत थीसिसचा रिपोर्ट द्यायचाय. मी फोनवर सांगितलं काय उघडायचं, काय बघायचं. केवळ मराठी मुलगी म्हणून. दिवसभरात चार फोन झाले. चौथ्यात ती रडवेली झाली होती, मग व्हिडिओवर पंपाचा आवाज ऐकला आणि तिच्याकडून व्हॉल्व्ह अर्धा फिरवून घेतला. चालला.

१३ मार्च, शुक्रवार.

इतर सोळा ठिकाणी अर्ज. कुणाचंही उत्तर नाही. तेलाचे भाव पडल्यापासून सगळ्यांनी हात आखडलेत. माझी गुणवत्ता यात कुठेच येत नाही.

नीता कपाटं आवरतेय. कारफूर सुपरमार्केटमधून मोठाले खोके आणलेत. साफसफाईची हौस.

१९ मार्च, गुरुवार.

ठरलं. फुटबॉलवाल्यांनी जाहीर केलं. हिवाळ्यात. फायनल अठरा डिसेंबरला.

डिसेंबर! डिसेंबरात इथे माणसं स्वेटर घालून समुद्रावर शेंगदाणे खात बसतात. चांगली संधी होती, जगाला दाखवून द्यायची, घाबरले. मी एकटा जूनच्या बाजूने उभा राहिलो याची कुठेतरी नोंद पाहिजे, म्हणून इथे करतो.

ओरडायला आतल्या खोलीत गेलो. तिथे खोक्यांवर नीताने मार्करने लिहिलं होतं: नाशिक – भांडी. नाशिक – अनय पुस्तकं. एका खोक्यावर: विकायचं. त्यात माझा पाइप आणि पंखा.

मग मी तिला खरं सांगितलं. लॅबने काम देऊ केलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. वाटलं, चिडेल. चिडली नाही. मार्करचं टोपण लावलं आणि म्हणाली, "तू रिसर्चर हो नाहीतर पंक्चर काढ, गुरू. पण अनयची बारावी इथे होऊ दे. त्याला अर्ध्यातून उचलून नेऊ नको."

अनय दारात उभा होता. त्याला मराठी सगळं कळतं.

२२ मार्च, रविवार.

ब्लेझर आणायला गेलो. फक्त ब्लेझर.

ब्लेझर आणला, आणि ऑफर लेटरही. माझ्या अटींवर. पहिली अट, शुक्रवारी फोन करायचा नाही. डायरेक्टर म्हणाले, चेंबर शुक्रवारीही चालतो. मी ती अट मोठ्या मनाने मागे घेतली. दुसरी अट मांडायच्या आत नुपूरने चहा आणला. इमारतीच्या पाटीवर रिसर्च आहे, दारावर रिसर्च आहे, माझ्या लेटरच्या वरच्या कोपऱ्यातही आहे. पदाचं नाव खाली आहे, ते इथे लिहिण्याची गरज नाही.

नीताने एकच विचारलं: व्हिसा? म्हणालो, जुनी कंपनी एनओसी देतेय, होईल, इन्शाल्ला. ती खोक्यावर बसली आणि रडली. अभिमान वाटला असणार.

रेमंडला फोन केला. त्याने नकाराचा ईमेल पूर्ण वाचला होता, दुसऱ्या परिच्छेदासकट. तरी म्हणाला, शुक्रवारी येतो. मी सॉरी म्हणालो. रेंज नव्हती, त्याला ऐकू गेलं नसावं. तो म्हणाला, गेलं ऐकू.

१२ एप्रिल, रविवार. दुपारी ४.

रिसर्चमधला पहिला दिवस.

सातला हजर. जाळ्या धुतल्या, पंप तपासला, गळणारा सांधा आवळला. चेंबर कधी नव्हे इतका सरळ चालत होता. नऊला नुपूर आली, हातात नव्या सेटिंगचा कागद. पंचेचाळीसवर काट मारलेली. बाजूला लिहिलं होतं, एकवीस. डिसेंबरची संध्याकाळ. म्हणाली, काका, आता एवढंच.

लावलं एकवीस. लॅबमध्ये एरवीही एकवीसच असतं. साडेनऊला चिलर थांबला. अलार्म नाही, बिघाड नाही. करायला काही उरलं नव्हतं म्हणून थांबला.

साडेतीनपर्यंत आम्ही तसेच बसून होतो, चिलर आणि मी.