पाया मी स्वतः घालणार

३ सप्टेंबर
ट्वायलाला दिवस गेलेत. थंडीच्या आत घर हवं म्हणते, नाहीतर ती आईकडेच राहणार. तिची आई मिस ओलेटा मला दारात उभं करत नाही. ठरलं! काकाने दिलेल्या तुकड्यावर कारखान्यात बांधलेलं घर आणायचं. ट्रकवरून दोन अर्ध्या भागांत येतं, इथे जोडायचं. टेनेसीत निम्मी माणसं तशीच राहतात.

६ सप्टेंबर
बँकेत मिसेस प्रूइट म्हणाल्या, घर नुसतं ठोकळ्यांवर टेकवलं तर आमच्या लेखी ती गाडी. गाडीचं कर्ज, गाडीचं व्याज. पक्क्या पायावर बसवून इन्स्पेक्टरने पास केलं, तर घराचं कर्ज, हप्ता बराच कमी. हा दर ऑक्टोबरअखेरपर्यंतच. पाया लायसन्सवाल्याकडून घालून घे, म्हणाल्या. हसलो. खड्ड्याला कसलं लायसन्स?

७ सप्टेंबर, सकाळी ११
पहाटेच सुरू करणार होतो. फावडं माझ्या दोस्ताकडे, ड्यूईकडे आहे.

२८ सप्टेंबर
फावडं आणायला गेलो, तर ड्यूई जॉर्जियाला जत्रेतले पाळणे उभारायला निघालेला. गेलो सोबत. जोडणीचा अनुभव घराला उपयोगीच. फावडं तिकडेच राहिलं.
ट्वायलाचा फोन. पाळण्यात बाळंत होऊ का, म्हणाली. थट्टा करते म्हणजे राग गेला.

१२ ऑक्टोबर
काकाचं फावडं आणून खणलं! हात सोलले. जमीन गोठते त्याच्या खाली पाया जायला हवा, म्हणजे दीड फूट. फूटभरावर ओकची मुळं लागली. मुळं म्हणजे फुकटच्या सळया. वर काँक्रीट ओतलं. यंदा थंडी बेताचीच पडणार, मला कळतं.

२३ ऑक्टोबर
इन्स्पेक्टर ओगल आले. वादळात घर हलू नये म्हणून जमिनीत लोखंडी अँकर पिळून बसवतात. मी सरळ रांगेत बसवले होते. त्यांनी एक धरला आणि गाजरासारखा उपटून माझ्या हातात दिला. म्हणाले, पोरा, याला टोपी बांध, घर नको. सगळं पुन्हा खण, शुक्रवारी येतो.
शुक्रवार लांब आहे.

३१ ऑक्टोबर
खणणारच होतो. पण खोऱ्यात एका म्हातारीचा कुत्रा हरवला. अशा वेळी माणूस घरी कसा बसेल? दोन रात्री शोधला. तो केव्हाच तिच्याकडे परतला होता. ओगल येऊन गेले म्हणे.

३ नोव्हेंबर
दर गेला. मग गाडीचंच कर्ज द्या, म्हटलं. मिसेस प्रूइट म्हणाल्या, त्यालाही नोकरी लागते. बाईंना स्वप्नं कळत नाहीत.

९ डिसेंबर
मिस ओलेटाच्या मागच्या अंगणात घर उभं आहे. कर्जावर मायलेकींच्या सह्या, बसवणारे लायसन्सवाले, ओगलनी पहिल्याच फेरीत पास केलं. कळल्यावर पिशवी भरूनच गेलो. जागा कोणाची का असेना, घर आमचंच ना?
ट्वायला पायरीवर आली. म्हणाली, किती जण राहणार म्हणून बँकेने विचारलं, मी दोन सांगितलं. म्हटलं, बरोबर, तू आणि मी. तिने पोटावर हात ठेवला.
कॉफी दिली, पण कागदी कपात. वर झाकणही लावलं होतं, वाटेत सांडू नये म्हणून.