उंटाचा चौथा बूट

सोमवार, ६ फेब्रुवारी

प्रशिक्षण सुरू. शालेय ग्रंथालय कर्मचाऱ्यांची कौशल्यवाढ म्हणे. वर्ग दुसऱ्याच एका शाळेत, बालवाडीच्या खोलीत. खुर्च्या वीतभर उंचीच्या. आम्ही सगळे पन्नाशीचे. बसलो तेव्हा गुडघे कानाशी आले.

प्रशिक्षिका बाई आमच्या निम्म्या वयाच्या. "'शांतता राखा' ही पाटी किती जणांच्या ग्रंथालयात आहे?" सगळ्यांचे हात वर. मला वाटलं, शाबासकी मिळणार. म्हणाल्या, "उद्या काढून टाका."

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय शिकवलं?"

"पाटी काढायला."

"त्याला अख्खा दिवस लागला?"

संध्याकाळी मेहुण्याचा फोन. रविवारी गाडी घेऊन येतो आणि आईला घेऊन जातो. "भावजी, ताई होती तोवर ठीक होतं. आता आईनं तुमच्याकडे कशाला राहायचं?" खरं आहे. ही अंथरुणाला खिळली तेव्हा सासूबाई मदतीला आल्या. ही गेली. त्या राहिल्या. राहा असं कुणी म्हटलं नव्हतं, जा असंही नाही. मी फोनवर "बरं" म्हटलं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

मंगळवार, ७

सकाळी आमच्या शाळेत जाऊन पाटी काढली. खाली भिंतीवर पांढराशुभ्र चौकोन. पाटीपेक्षा तोच जास्त दिसतो.

बुधवार, ८

प्रत्येकानं उभं राहून एक गोष्ट मोठ्यानं वाचायची होती. माझ्या वाट्याला उंटाचं पुस्तक आलं. उंट मोच्याकडे बूट मागायला जातो, अशी गोष्ट आहे. आमच्या शाळेतही याची एक प्रत आहे.

मी पुस्तक उघडलं. नाव वाचलं, लेखिका वाचली. मग प्रकाशक. आवृत्ती दुसरी. पृष्ठे सोळा, सचित्र. दाखल क्रमांकावर आलो तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, उंट कधी येणार?"

सगळे हसले. शेजारच्या जाड चष्म्याच्या बाई तर डोळे पुसत होत्या. नंतर त्यांची पाळी आली. त्यांनीही प्रकाशकापासूनच सुरुवात केली.

शनिवारी आपापल्या शाळेत मुलांना गोष्ट वाचून दाखवायची आहे. तोवर घरच्यांसमोर सराव करायचा. फक्त शेवट घरी वाचायचा नाही, मुलांसाठी ताजा ठेवायचा.

घरचे म्हणजे सासूबाई.

गुरुवार, ९

त्या लसूण सोलत होत्या. मी समोर उभा राहून वाचलं.

"नोटीस वाचताय का?"

पुन्हा वाचलं.

"उंट केवढा, आवाज केवढा. हे तर मांजर झालं. पुन्हा वाचा."

तिसऱ्यांदा जरा जमलं. तीन बूट शिवून होतात आणि मोच्याचं चामडं संपतं. तिथे थांबलो.

"पुढे?"

"पुढचं घरी वाचायचं नाही, आई. नियम आहे."

"कुणाचा?"

"बाईंचा."

"त्यांना काय, त्यांनी शेवट वाचलेला असणार." लसूण सोलून संपला होता, तरी त्या बसून होत्या.

ही गेल्यापासून या घरात इतका वेळ सलग कुणी बोललं नव्हतं. आजही मी नाही बोललो म्हणा. उंट बोलला.

शुक्रवार, १०

सासूबाईंची बॅग दारामागे आली आहे. 

शनिवार, ११

तिसरीचा वर्ग. प्रशिक्षिका बाई मागे वही घेऊन बसल्या. मुलं त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघून गप्पच. उंटासाठी आवाज काढला तेव्हा पहिल्या रांगेतली मुलगी दचकली, मग हसली. मग सगळीच हसली. शेवटापर्यंत पोचलो. बाई म्हणाल्या, "प्रकाशक राहिला, सर." गंमत करत होत्या.

घरी सांगावंसं वाटत होतं. पण सासूबाई साड्यांच्या घड्या घालत होत्या. "दोन तुमच्या कपाटात होत्या," म्हणाल्या. "तिच्या साड्यांत मिसळल्या होत्या." मी तिथेच उभा होतो. राहा म्हणायला हीच वेळ होती. "दोरी देऊ का बॅगेला?" असं विचारलं.

रविवार, १२

मेहुणा आला. चहा झाला. त्यानं बॅग उचलली. सासूबाई उठेनात.

"गोष्ट राहिली आहे."

"कुठली गोष्ट?"

"उंटाची. शेवट ऐकला नाही अजून."

मेहुणा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, पुस्तक शाळेत आहे, शाळा उद्या उघडेल.

"आई, अगं, मी सांगतो ना वाटेत."

"तुला येते?"

त्याला येत नव्हती. बॅग खाली ठेवून म्हणाला, "भावजी, तुम्हीच समजवा तिला." मी पुन्हा सांगितलं, शाळा उद्या उघडेल. तो पुढच्या रविवारी येणार आहे.

सोमवार, १३

पुस्तक आणलं. दिवेलागणीला वाचायला बसलो. मोची म्हणतो, चामडं संपलं, चौथा बूट उद्या. इथे पान संपतं. मी पान उलटायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "उंट म्हणाला, उद्या तर उद्या. मला कुठे घाई आहे?"

उलटून पाहिलं. शब्दाला शब्द तेच.

"आई, तुम्हाला येते ही गोष्ट?"

"ती लहान असताना रोज वाचायला लावायची. पुस्तकाच्या चिंध्या झाल्या."

"मग काल...?"

"तुम्ही राहा म्हणेनात. मला त्याला काहीतरी सांगायला नको?"

मी राहा म्हटलं. आवाज मांजराचा आला. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.