जबड्यातली गाठ आणि पाचवं शील

४ फेब्रु., चाकूर
ह्यांची दाढ काढून आज तिसरा दिवस, रक्त थांबेना. दातवाल्याकडे परत नेलं. म्हणे, "तंबाखू बंद करा." अरे, ह्या माणसानं जन्मात चिमूट मळली नाही! ऐकूनच घेईना. कापूस कोंबला न दिलं घरी पाठवून.

१९ फेब्रु.
दाढेच्या जागी मांसाचा गोळा आलाय. भाकरी चावता येत नाही, कण्या शिजवून देतेय. पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी, त्यात आमच्या वस्तीची भांडी शेवटी... जाऊ दे. शिकवते त्या शाळेत रजा टाकली. उद्या लातूर.

२० फेब्रु., लातूर
गेल्या सालीच झालेला नवा जिल्हा, नवी कचेरी, जागोजाग पाट्या. गोळ्याचा तुकडा तपासायला मात्र परगावी. मग जिल्हा कशाचा केला, पाट्यांचा? हे म्हणाले, "हळू बोल, लोक बगायलेत." बघू देत.

८ मार्च, लातूर
रिपोर्ट आला. तुकडा जबड्यातला, पण पेशी लिव्हरच्या. कॅन्सर मूळ लिव्हरचा, तिथून जबड्यात गेलेला. डॉक्टर म्हणाले, "असं क्वचित होतं. मी पहिल्यांदाच बघतोय." पोट तर ह्यांचं कधी दुखलंच नाही!
"दारू?"
"न्हाई."
"कधी कावीळ?"
झाली होती. लग्नाआधी, बहात्तरच्या दुष्काळी कामावर खडी फोडताना. झाडपाला खाल्ला न परत खडीवर. डॉक्टर म्हणाले, जुन्या काविळीतूनही होऊ शकतं.
औषधाचं विचारलं तर दुखण्याच्या गोळ्या तेवढ्या लिहून दिल्या.

१२ मार्च, चाकूर
धाकटा दीर नामदेव आला. पाणी प्याला न मग, "वैनी, खरं सांगा. दादा चोरून घेत व्हते का? घेतल्याबगर लिव्हर जातंय व्हय?"
तांब्या फेकून मारावा वाटलं. दर पौर्णिमेला विहारात हेच अख्ख्या वस्तीकडून पंचशील म्हणून घेतात. पाचव्या शीलाला, दारू न पिण्याच्या, ह्यांचा आवाज चढतो. नामदेवचीच बाटली ह्यांनी दोनदा नालीत ओतलीय.

१७ मार्च
विहाराचे अध्यक्ष. घरात आलेच नाहीत, दारातूनच, "जयभीम ताई. भाऊंना आराम पडू द्या. या पौर्णिमेला पंचशील दुसरं कुणी म्हणून घेईल."
आराम! म्हटलं, लोक काय बोलायलेत ते सांगा की तोंडावर. कावीळ, खडी, सगळं सांगितलं. "हाव, हाव," करत निघून गेले. पिणारे पुढच्या रांगेत बसणार न हे घरात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

२० मार्च
लिहू की नको.
हे अंगणात ऊन खात बसले होते. मी ह्यांची लोखंडी पेटी उघडली. कपडे उपसले, तळापर्यंत हात घातला. मग कणगीमागं, सरपणात. काय शोधत होते ते लिहायची लाज वाटते. दहा वर्षांचा संसार. काही नव्हतंच, सापडणार काय?
वळले तर हे दारात. तोंड आता नीट उघडत नाही.
"बगून झालं?"
एवढंच. उपसलेले कपडे स्वतः घड्या करून पेटीत ठेवले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी वाटतं.

पौर्णिमा
पांढरा सदरा मागितला. धुतलेला काढून दिला.
"विहारात जातो. म्हणू देत न्हाईत तर मागं बसीन. येतीस का?"
येते म्हटलं. गुंड्या लावता लावता थांबले.
"माज्या संगं, का त्यांच्या संगं?"
पेटी उपसली ती मीच, म्हणून विचारतात. हे उंबऱ्यात चपला घालून उभे आहेत.