पैलवानाची चाल

१८ ऑगस्ट
आलो बाबा कोल्हापुरात! मलकापुरात माझ्या खोड्यांनी गल्ली कावलीवती, म्हणून मामानं हितं चिकटवलं. म्हणाला, कृष्णात, आता तरी माणसात ये. काम ऐकून हसायलाच आलं. वर्धमान आण्णांच्या घरात राहायचं आणि रोज चार वाजता बुद्धिबळ खेळायचं. मी न्हाय, मशीन खेळणार. आण्णा ब्याऐंशीचे, दोन्ही डोळे गेल्यात. चाळीस वर्षांमागं उद्यमनगरातल्या आपल्या कारखान्यात त्यांनी बुद्धिबळ खेळणारं मशीन बनवलं. कपाटाएवढं, हिरवं, पुढं लाल आकड्यांची पट्टी. नाव पैलवान. पटावरच्या घरांना एक ते चौसष्ट नंबर. पट्टीवर ५३–३७ आलं की मी मोठ्यानं वाचायचं आणि त्रेपन्नावरची सोंगटी सदतिसावर ठेवायची. आण्णा बोटांनी चाचपून चाल करतात, ती मी बटणं दाबून पैलवानाला सांगायची. नोकरी हाय का चेष्टा!
आण्णांची लेक चंदनाताई कॉलेजात शिकवते. जेवण दिस बुडायच्या आत, कांदा-लसूण न्हाय. चालतंय की.

२१ ऑगस्ट
पैलवान नुसता ढ. एका चालीला वीस मिनिटं घुमतोय, मग तोच घोडा पुढं, तोच घोडा मागं. आण्णा रोज जिंकतात आणि रोज तोंड पाडून बसतात. मी म्हटलं, जिंकलासा की! तर म्हणाले, पोरगं हरल्याचा बापाला आनंद हुतोय व्हय रं?

२३ ऑगस्ट
आज लई मजा! मोबाईलवर बुद्धिबळाचं ॲप घेतलं. आवाज बंद, मोबाईल मांडीवर. आण्णांची चाल त्यात टाकायची, ते सांगंल ती चाल नंबरात पैलवानाची म्हणून वाचायची. अठ्ठावीस चालींत आण्णा चितपट! मी आतल्या आत हसून मराय लागलो. आण्णा उठले, चाचपत गेले, पैलवानाच्या पत्र्याला कपाळ टेकवलं आणि रडले.
माझं हसू कुठं गेलं कळंना.

२८ ऑगस्ट
तांदूळ निवडता निवडता चंदनाताईनं सांगितलं. बनवला तवा पैलवान प्रदर्शनात मांडलावता. एक डाव जिंकला, तर आण्णांचे दोस्त दत्तप्रसाद मास्तर गर्दीतनं ओरडले, आत माणूस बसवलाय! आण्णांनी तिथंच पत्रा उघडून दाखवला. आत तारा सोडून काय न्हवतं. पण लोक हसायचे ते हसलेच. लबाड हे नाव पडलं ते पडलंच. ताईची आई त्याच झुरणीनं गेली.
आणि आता पैलवान रोज जिंकतोय म्हणून आण्णांनी ठरवलंय, चौदा सप्टेंबरला, रविवारी, मंडळाच्या हॉलात पैलवान परत मांडायचा. देवाची शपथ घेऊन सांगणार की आत माणूस न्हाय.


२ सप्टेंबर
सांगून टाकायचं ठरवलंवतं. आधी मोबाईल बंद केला, पट्टीवरचं खरं वाचलं. घोडा पुढं, घोडा मागं. आण्णांनी विचारलं, पैलवानाला बरं न्हाय काय? मी परत मोबाईल काढला. भित्रा साला मी.
एक गोष्ट लिहून ठेवतो. शेवटच्या दोन चाली मी मोबाईल बघायच्या आधीच बोललो. बरोबर निघाल्या. मला तर धड खेळता बी येत न्हाय.

८ सप्टेंबर
आज क्षमावाणी. जैन लोक घरोघर जाऊन एकमेकांची माफी मागत्यात. आण्णांनी माझ्यापुढं हात जोडले. कळत-नकळत तुला दुखावलं असंल तर उत्तम क्षमा. मला!
मग रिक्षानं मास्तरांकडं. ज्यानं लबाड म्हटलं त्याचीच आण्णांनी माफी मागितली, एवढी वर्षं मनात राग धरला म्हणून. मास्तर रडाय लागले. मीच जळलोवतो वर्ध्या, म्हणाले, आत माणूस न्हवता हे मला तवाच दिसलंतं.
आता न्हाय तर कधीच न्हाय. मी तोंड उघडलं. आण्णा, मी फसवलं तुमास्नी, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातनं आलं, अठ्ठावन्न–त्रेचाळीस.
दोघं म्हातारे खदखदून हसले. मास्तर म्हणाले, पोरगं नादाला लागलं!
घरी आलो. पट्टीवर ५८–४३.

९ सप्टेंबर
मोबाईल ताईच्या कपाटात ठेवला. तरी आण्णा हरले. आकडा आधी माझ्या तोंडात येतोय, मग पट्टीवर.
ताईला सांगाय गेलो. सहा वेळा. सहाही वेळा आकडे. ती म्हणाली, कृष्णात, पुरे तुझी नाटकं, मलकापूरचं सगळं मामानं सांगितलंय मला.

१० सप्टेंबर
भर दुपारी पैलवानाची पिन काढली. आकडे पेटलेलेच. माझी बोटं गार पडल्यात, पत्र्यागत. मामाला फोन लावला, आकडेच. पळून जायला स्टँडवर गेलतो. चार वाजता बघतो तर खुर्चीत— कसा आलो—
आण्णा खूश. म्हणत्यात, पैलवान आता अगदी माणसागत खेळतोय.

१२ सप्टेंबर
पत्रा उघडला. तारा. धूळ. आणि मधी जागा. एक माणूस बसंल एवढी. मागं धूळ पुसाय उघडलावता तवा न्हवती— आई शप्पथ न्हवती—

१३ सप्टेंबर
हातानं अजून लिहाय येतंय. लवकर लिहितो. ताई, ही वही वाचा. लबाडी माझी, आण्णांची न्हाय. उद्या त्यांना शपथ घेऊ देऊ नका. तवा आत माणूस न्हवता, ताई. आता हाय. त्याचं नाव कृ— तेरा—