सीझरच्या जावयाचा धोंडा

पारनेर, अधिक ज्येष्ठ, शके १८६४

रा. रा. श्रीमंतराव जावईबापू यांसी, मुक्काम भिंगार,

तुमचे सासरे गोरक्षनाथ मास्तर यांचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल. तुमची आणि चि. मालनची प्रकृती कशी आहे ते कळवावे. (छावणीतली तुमची सरकारी नोकरीही ठणठणीत असेलच. खादीवाल्या सासऱ्याला तिच्याबद्दल काय वाटते आणि तुम्हाला खादीबद्दल काय वाटते, हे आपण दिवाळीत एकमेकांना पोटभर ऐकवले. तेव्हापासून पत्रापत्री नाही, म्हणून हे लिहिणे.)

विशेष म्हणजे मला जबर धक्का बसला आहे. मारुतीच्या देवळात मी रोज संध्याकाळी रोमच्या यादवीवर व्याख्यान देतो. सीझर आणि पाँपे यांचे युद्ध ऐन रंगात आले होते. सीझर स्वतःच्या लढायांची हकिकत स्वतःच लिहितो, पण 'मी' न म्हणता 'सीझरने असे केले' म्हणतो, हे मी कौतुकाने सांगितले. तर तेलाचे दुकानदार गनीभाई विचारतात, मग घोडचुका कुणाच्या नावावर घालत असेल? इथवर ठीक होते. पुढे बोलण्याच्या ओघात मी सांगून बसलो की पाँपे हा सीझरचा जावई. (जावई सासऱ्याहून वयाने मोठा, हे ऐकून बायकांनी तोंडाला पदर लावले.) त्यात सीझर हा तिथला मुख्य पुरोहित, अधिक महिना धरणे हे पुरोहितांचे काम, आणि लढायांच्या धामधुमीत तो वर्षानुवर्षे धरलाच गेला नाही, असे मी सांगितले मात्र, बायकांत पुढे बसलेल्या छबूबाई उठून उभ्या राहिल्या.

"म्हंजे इतकी वर्सं जावयाला धोंड्याचं जेवान न्हाई," त्या म्हणाल्या. "मग त्यो तलवार उपसंल न्हाईतर काय करंल?"

श्रीमंतराव, मी थक्क झालो. रोमचे सिनेट, प्रजासत्ताक, जन्मभर वाचलेले सगळे या बाईने पुरणात बुडवले. आणि सभा माना डोलावते आहे! मी परोपरीने समजावले की हे भांडण निव्वळ राजकारणाचे होते. तर सगळे टकामका माझ्याकडेच बघू लागले. गनीभाई हळूच म्हणाले, "मास्तर, तुमचं तरी कशाचं हाय? अधिक निम्मा सरला. लेकी-जावयाला सांगावा धाडला का?"

मी घाईने सीझरच्या लेकीकडे वळलो. ती बाळंतपणात गेली आणि त्यानंतर या दोघांना धरून ठेवणारे कुणी उरले नाही, एवढे सांगितले. आणि उठलो. त्या दिवशीची सभा तिथेच मोडली. असले अडाणी श्रोते शत्रूलाही मिळू नयेत.

असो. लोभ दिवाळीपूर्वी होता तेवढाच अजून आहे.

गोरक्षनाथ

ता. क. : मालनला सातवा लागल्याचे परस्पर कळले. फार काळजी वाटते. रविवारी दोघे धोंड्याला या. डाळ-गूळ आणून ठेवला आहे. तुम्ही खादीबद्दल बोलू नका, मी छावणीबद्दल बोलत नाही.

आणखी ता. क. : सीझरने अखेर पाँपेला जेवायला बोलावले आणि तंटा मिटला, असे गावाने माझ्या माघारी ठरवून टाकले आहे. पाँपे खरे तर कसा मारला गेला ते तुम्ही शाळेत शिकला असाल. इथे आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढू नका.