कासव बोललं

प्रिय ताई,

क्षेमकुशल नंतर, आधी मला मनातलं सगळं ओकू दे. तू काम सोडून गेलीस आणि मागे राहिलेल्यांनी आपल्या कार्टून मालिकेची पार माती केली. आपलं कासव आता बोलतं! तळ्याकाठच्या सगळ्यांची भांडणं ऐकून घेणारं आणि निकाल द्यायची वेळ आली की मान आत ओढणारं आपलं मुकं कासव! वाहिनीच्या साहेबांना म्हणे त्याच्या तोंडी विनोद हवेत.

आठवतं, आपण सगळे आवाज एकाच खोलीत, समोरासमोर भांडत रेकॉर्ड करायचो? काचेपलीकडून तू हात वर केलास की तो खाली येईपर्यंत सगळे चिडीचूप. ती जागा कासवाची. चित्रकार तिथे नुसती एक पापणी हलवायचे आणि लोक हसून हसून लोळायचे. आता एकेकट्याला बोलावतात. मी कावळा होऊन भांडतो, ते भिंतीशी. गप्प जागा दिसली की कापतात, नाहीतर तिथे कुणीतरी पादतं. तुझा तो कायदा झाडणारा कावळासुद्धा! चाळिशी उलटलेला माणूस मी, आणि तोंडाने हे आवाज काढून घर चालवतोय. वर कासवाचा आवाजही माझ्याच गळ्यात मारला. एक भाग करून बघा, म्हणाले. केला एकदाचा.

जाताना तू चिडून म्हणाली होतीस, की कासव बाबांवरून केलं, पण त्यांनी एक भाग धड पाहिला नाही. खरं सांगू, मलाही तसंच वाटायचं. लहानपणी आपण भांडण घेऊन गेलो की ते चष्मा पुसत बसायचे, तसेच दर रविवारी आपली मालिका लागली की टीव्हीसमोर पेपर तोंडाशी धरून बसतात. हूं नाही की चूं नाही. वैताग नुसता!

काल तो भाग लागला. कासवाने माझ्या आवाजात तोंड उघडलं आणि बाबांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढून पुसला, टीव्ही बंद केला आणि मला म्हणाले, "काय रे, मी असा बोलतो का?"

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, ताई! आज सकाळीच मी कासवाला नकार कळवला. कावळाही जाईल बहुतेक, गेला तर गेला. पण हे तुला ते स्वतः सात जन्मांत सांगणार नाहीत, म्हणून हे पत्र. त्यांना फोन कर. ते गप्पच बसतील. तू मात्र फोन ठेवू नकोस.

तुझाच,
कावळ्या